उनाइसीचे नाक आणि चौसष्ट पांढरे दगड

३० सप्टेंबर १९९७ रोजी फिजी देश धोक्यातील वन्य प्राणी व वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला. कराराच्या अधिकृत यादीत ही तारीख कोणालाही पाहता येते. त्या दिवशी वाइवुनी गावातली उनाइसी काय करत होती, हे मात्र कोणत्याच यादीत नाही. तिला विचारले तर ती म्हणते, "दगड साफ करत होते, दुसरं काय? मंगळवार असेल तर नक्कीच." तो मंगळवारच होता, दिनदर्शिकेवरून ताडून पाहिले आहे. अर्थात ती कोणत्याही वाराबद्दल हेच म्हणाली असती, ही शक्यता नाकारता येत नाही.

दगड म्हणजे जिवंत दगड. आमच्या किनाऱ्यावर खडकाच्या रांगेतून पहारीने फोडून काढलेले, जांभळ्या कवचाचे, पोटात हजार छिद्रे आणि त्या छिद्रांत हजार बिऱ्हाडे असलेले दगड. परदेशात लोक घरात काचेच्या पेटीत खारे पाणी भरतात, मासे पाळतात आणि पाणी नितळ राहावे म्हणून हे दगड तळाशी रचतात. पुरुष ओहोटीला दगड फोडत, घोड्याच्या पाठीवरून किनाऱ्यावर आणत. पुढचे सगळे काम बायकांच्या छपरीत. उनाइसी या छपरीत १९९४ साली आली की १९९५ साली, याबद्दल ती आणि तिची नणंद वासिती यांच्यात मतभेद आहेत. दोघींपैकी कोणाकडेही कागद नाही.

वादाचा नसलेला मुद्दा म्हणजे तिचे नाक. वासिती सांगते की एकदा चर्चमध्ये प्रवचन रंगात आलेले असताना उनाइसी पुढे वाकून तिसऱ्या बाकावरच्या बाईच्या कानात म्हणाली, "तुझे मासे करपले." बाई धावत घरी गेली, मासे खरोखरच करपलेले होते. वासितीच्या पहिल्या मुलाखतीत ते घर चर्चपासून पन्नास पावलांवर होते, तिसऱ्या मुलाखतीत ते नदीच्या पलीकडे गेले. तेव्हा अंतर बाजूला ठेवू आणि करपलेले मासे तेवढे खरे धरू.

हे नाक छपरीत कामाला येई. समुद्रातून काढलेला दगड वर येताच त्यातले काही जीव मरू लागतात. राखाडी स्पंज सर्वांत आधी मरतो, सडतो आणि शेजारच्यांना घेऊन मरतो. असा एक दगड खोक्यात गेला की विमान उतरेपर्यंत सगळे खोके नासलेले असते. म्हणून दगड दहा दिवस बांबूच्या मांडण्यांवर, सावलीत, समुद्राच्या पाण्याच्या फवाऱ्याखाली ठेवायचे आणि रोज एकेक हातात घेऊन निवडायचे. भाजी निवडताना किडके पान खुडतात, तसा मरणारा तुकडा बांबूच्या कामटीने मुळापासून काढायचा. जांभळ्या कवचाला धक्का लावायचा नाही. नव्या मुली पहिल्याच दिवशी ब्रश घेऊन तुटून पडत. उनाइसी त्यांच्या हातातून ब्रश काढून घेई.

"अगं, पातेलं नाहीये ते! चकाकायला लागलं की मेलं समज."

"मग साफ कसं करायचं, नेई?" नेई म्हणजे मावशी-आत्या, छपरीतल्या सगळ्या मुली तिला तेच म्हणत.

"आधी हुंगायचं. जे मरणार आहे ते आज काढायचं. जे जगणार आहे त्याच्या वाटेला जायचं नाही."

एवढेच तिचे शास्त्र. लिहून ठेवलेले कुठेही सापडत नाही.

गावसभेच्या वहीत नोव्हेंबर २००२ची एक नोंद आहे: "उनाइसी बोलली. हशा. उनाइसी पुन्हा बोलली." ती काय बोलली हे वहीत नाही, पण सभेला हजर असलेल्या चौघांचे म्हणणे बऱ्यापैकी जुळते. खडकावर आता ऑक्टोपस मिळत नाही, असे ती म्हणाली. ज्या बिळांत तिची आई काठी घालून ऑक्टोपस काढत असे, ती बिळेच पहारीने उचलून विमानात बसवली गेली होती. भरतीचे पाणी पूर्वी चर्चच्या अंगणापर्यंत येत नसे, आता येत होते. तिचा उपाय असा: किनाऱ्यावर वाहत येणारा हलका, सच्छिद्र ज्वालामुखी दगड कुटायचा, त्यात सिमेंट आणि वाळू कालवायची, हाताने दगड घडवायचे आणि उथळ पाण्यात मांडून ठेवायचे. दीड वर्षात त्यांच्यावर जांभळे कवच चढेल आणि आत बिऱ्हाडे येतील. मग तेच काढून विकायचे. दुसऱ्या बेटावर असे करतात, हे तिने ऐकले होते.

गावप्रमुख इलाइतिया तिचा मामेभाऊ. आमच्याकडे या नात्यात चेष्टा केली नाही तर लोक प्रकृतीची चौकशी करतात.

"सिमेंटचा दगड आणि जिवंत?" इलाइतिया म्हणाला. "उद्या म्हणशील, चर्चची भिंत अंडी घालते."

"भिंतीचं माहीत नाही. पण तुझ्या टाळूवर उगवलंय त्यापेक्षा दगडावर नक्की जास्त उगवेल."

वहीतला हशा बहुधा इथला. गावच्या म्हाताऱ्या सरदारांनी यांगोना या मुळीच्या पेयाची वाटी खाली ठेवली आणि निर्णय दिला. खडकाचा चर्चसमोरचा भाग बंद. पहारी कोठीत. उनाइसीने सिमेंटचे दगड करावेत. पहिली खेप खरेदीदाराच्या परीक्षेत उतरली तर पहारी कोठीतच राहतील. नाही उतरली तर पुढच्याच सोमवारी बाहेर निघतील. त्या दिवसापासून चर्चसमोरचा खडक उनाइसीच्या शब्दावर उभा होता, आणि गावातल्या प्रत्येकाला ते ठाऊक होते.

मार्च २००३मध्ये बायकांनी तीनशे दगड घडवले. भाकरी थापावी तसे थापले आणि प्रत्येकाच्या तळाशी उनाइसीने आपला अंगठा रुतवून खळगा केला. खूण म्हणून नव्हे, पाणी आत शिरावे म्हणून, असे ती सांगते. अठरा दगड लाटांनी नेले. सोमवार, ६ सप्टेंबर २००४ रोजी उरलेल्यांपैकी दोनशे आठ दगड कमरेएवढ्या पाण्यातून वर काढले. कवच पुरते न चढलेले चौऱ्याहत्तर तिने पाण्यातच ठेवले. खरेदीदाराचा तपासनीस मुनसामी गुरुवारी, १६ तारखेला ट्रक घेऊन येणार होता. त्याची अट किमान दोनशे दगडांची होती. दिवस दहाच होते आणि ते पुरेसे होते.

शनिवारी, ११ तारखेला, वासितीच्या मुलीचे लग्न होते. लग्नाला पलीकडच्या बेटावरून आमचे ताउवू आले.

ताउवू म्हणजे ज्या गावाचा मूळ देव आपल्याच गावाचा मूळ देव आहे, असे गाव. अशा गावचा माणूस आपल्याला वाटेल ते बोलू शकतो, आपल्या घरातली वस्तू न विचारता उचलू शकतो, आणि आपण फक्त हसायचे असते. रागावणे हा आपल्याच देवाचा अपमान. इतर कोणी एवढे नुकसान केले तर तो देवमाशाचा दात घेऊन क्षमा मागायला येतो. ताउवू येत नाही, कारण त्याच्या लेखी काही घडलेलेच नसते.

त्यांचा म्होरक्या सेरुपेपेली, सहा फुटी, गडगडाटी हसणारा. शुक्रवारी संध्याकाळी उतरल्यावर तो छपरीपाशी थांबला. बायका दगड हातात घेऊन कामटीने टोकरत होत्या.

"हे काय चाललंय?"

"दगड साफ करतोय," वासिती म्हणाली. ती लग्नघरची, तिला यापुढे बोलायला वेळ नव्हता.

"कधीपासून?"

"सोमवारपासून."

सेरुपेपेलीने हे डोक्यात ठेवले. त्याच्या गावी, आमच्याही गावी, लग्नाच्या आधी चर्चच्या वाटेच्या दोन्ही कडांना दगड मांडतात आणि त्यांना चुना देतात. वाइवुनीच्या बायका सोमवारपासून दगड घासताहेत आणि अजून एकही पांढरा झालेला नाही, हे त्याने पाहिले. त्याचा निष्कर्ष, जी माहिती त्याच्याजवळ होती ती धरता, तर्काला सोडून नव्हता.

शनिवारी सकाळी सगळ्या बायका नवरीला झाडाच्या सालीच्या कापडात गुंडाळण्यात गुंतलेल्या असताना सहा ताउवूंनी खालच्या मांडणीवरचे दगड उचलून नदीवर नेले. नदीचे गोडे पाणी, कपडे धुण्याची पावडर आणि नारळाचे सोडण. एकेक दगड हाडासारखा होईपर्यंत रगडला, उन्हात वाळवला आणि वरून चुन्याचा हात मारला. मग वाटेच्या दोन्ही कडांना सारख्या अंतरावर मांडून ठेवले. एका बाजूला बत्तीस, दुसऱ्या बाजूला बत्तीस. लग्नाच्या फोटोत ते मोजता येतात. मांडणी कमालीची सरळ आहे.

मिरवणूक निघाली तेव्हा नवरीच्या कापडाचे टोक उनाइसीच्या हातात होते. वासिती सांगते, दहाएक पावलांवर कापडाला मागून ओढ बसली. तिने वळून पाहिले. उनाइसी एका पायावर उभी होती आणि दुसऱ्या पायाच्या अंगठ्याने वाटेवरचा दगड उलटवत होती. तळाला खळगा होता.

"वहिनी, चल ना," वासिती कुजबुजली. "सगळे बघताहेत."

"हे आपले आहेत."

"काय आपले?"

"दगड. आपले दगड आहेत हे."

"अगंबाई!" वासिती म्हणाली, आणि मग लग्नघरची म्हणून, "नंतर. आधी पोरीला चर्चमध्ये पोचव."

उनाइसी कापड धरून चालत राहिली. दोन्ही बाजूंनी तिचे दीड वर्ष चुना लावून उभे होते. त्या वेळचे तिचे छायाचित्र उपलब्ध आहे. ती हसते आहे. पण ते हसू कशाचे, यावर साक्षीदारांचे एकमत नाही.

जेवणावळीत सेरुपेपेली तिच्यासमोर पान घेऊन बसला. त्याने जमिनीतल्या लोवो-भट्टीत भाजलेले डुक्कर, दालोचे कंद, नारळाच्या दुधातला मासा, सगळे भरघोस वाढून घेतले होते.

"काय ताउवू, वाट कशी दिसतेय? तुमच्या बायका आठवडाभर टोकरत बसल्या होत्या. आम्ही सकाळच्या सकाळी उरकलं."

"छान दिसतेय."

"मग जरा तोंड भरून म्हण की! आमचे हात फाटले चुन्यानं."

"फारच छान दिसतेय," उनाइसी म्हणाली. "हात दाखव. अजून थोडे फाटायला जागा आहे का बघते."

सगळे हसले. इलाइतिया हसला नाही. तो तिच्याजवळ सरकून हळूच म्हणाला, "किती गेले?"

"चौसष्ट."

"उरले?"

"एकशे चव्वेचाळीस."

"दोनशेची अट आहे. मी पहारींना तेल लावायला घेऊ का?"

तो हे चेष्टेत म्हणाला की गांभीर्याने, हे त्यालाही आज सांगता येत नाही. उनाइसीने पान बाजूला सारले. ती उठली आणि किनाऱ्याकडे गेली. परत आली तेव्हा कानावरचे जास्वंदीचे फूल गेलेले होते आणि त्या जागी, दाट केसांत खोचलेला, पाहुण्यांच्या होडीच्या इंजिनाचा प्लग होता.

ताउवूचा नियम दोन्ही बाजूंनी चालतो.

सेरुपेपेलीला ते रविवारी, चर्चमधून बाहेर पडताना दिसले.

"ताउवू, माझा प्लग?"

"कुठला प्लग?"

"तो कानावरचा."

"हे होय? फूल आहे ते. आमच्याकडे असंच उगवतं."

"अगं, आम्हाला उद्या निघायचंय!"

"निघा की. वल्ही... अरेच्चा, वल्हीसुद्धा दिसत नाहीत वाटतं?"

तो इतक्या जोरात हसला की पाद्रीबाबांनी दारातून डोके बाहेर काढले. हसण्यावाचून त्याला गत्यंतरही नव्हते. मग त्याने विचारले, "काय केलंय आम्ही?" आणि उनाइसीने त्याला सांगितले. ते दगड कशासाठी होते, खडक कशावर अवलंबून होता, पहारी कुठे होत्या, सगळे. सांगताना ती रागावली नाही, हे सेरुपेपेली आवर्जून नमूद करतो. "रागावली असती तर बरं झालं असतं," तो म्हणतो. "तिनं मला नुसता एक दगड हुंगायला दिला. म्हणाली, हा जिवंत. मग वाटेवरचा दिला. म्हणाली, हा तुझा."

रविवारी आमच्या गावात काम करत नाहीत. फवाऱ्याच्या पंपाचा प्रश्न मात्र निघाला होता. पाद्रीबाबांनी विचारले, "दगड जिवंत आहेत म्हणता ना? मग जनावराला पाणी पाजायला रविवार आड येत नाही." फवारा चालू राहिला. बाकी सगळे स्वस्थ बसले आणि सोमवारची वाट पाहत राहिले.

मंगळवारी अमावास्या होती, त्यामुळे सोमवारी ओहोटी मोठी होती आणि पाणी गुडघ्याच्या खाली गेले. चौऱ्याहत्तर दगडांतून उनाइसीने एकसष्ट उचलले. उरलेले तेरा तिने परत जागेवर ठेवले. इलाइतिया म्हणाला, "ते तेरापण घे ना, आकडा वाढेल." ती म्हणाली, "कच्चे आहेत." यापेक्षा जास्त चर्चा झाली नाही.

हिशेब सोपा होता: दोनशे पाच दगड, अटीपेक्षा पाच जास्त, पण एकसष्टांना दहाऐवजी तीनच दिवस. अवघे सहा दगड नापास झाले तरी सगळे संपले. उनाइसीने सहाही पाहुण्यांना छपरीत ओळीने बसवले, प्रत्येकाच्या हातात कामटी दिली आणि ब्रश सगळे गोळा करून आपल्या कमरेला गुंडाळलेल्या सुलूखाली घेऊन बसली.

"घासायचं नाही," ती म्हणाली. "ज्याला घासावंसं वाटेल त्यानं स्वतःचे पाय घासावेत."

"मग करायचं काय, नेई?" सेरुपेपेलीने मुलींचा आवाज काढून विचारले.

"हुंग."

त्याने हुंगले. "समुद्राचा वास येतोय."

"आणखी?"

"आणखी समुद्राचाच."

उनाइसीने दगड घेतला, नाकाजवळ धरला आणि एका बिळात कामटी घालून बोटभर राखाडी लगदा बाहेर काढला. "हे परवा सडलेल्या अंड्यासारखं घाण मारणार. तंबाखूनं तुझं नाक मेलंय. तू हुंगू नकोस, तू नुसता धर."

सेरुपेपेलीने तीन दिवस दगड धरले. ज्यांची नाके चालत होती ते पाच जण हुंगत होते; त्यांतला एक, सर्वांत किडकिडीत, या कामात इतका तरबेज निघाला की बायकांनी त्याचे लग्न जुळवायचे ठरवले. काटेरी अळ्या चिमट्याने काढल्या. बिळात दडलेली, टोला मारणारी कोळंबी दगडावर टिचकी मारून आणि खारट पाण्यात सोड्याच्या पाण्याची धार सोडून बाहेर काढली. त्यांतल्या एकीने सेरुपेपेलीच्या करंगळीला असा तडाखा दिला की तो ओरडत छपरीबाहेर पळाला. आतून वासितीचा आवाज आला, "हाऽऽ, तिलासुद्धा कळलं कोणी घासलं ते!"

सात दिवसांची कसर उनाइसीने पाण्याने भरून काढली. फवारा पुरेसा नव्हता, म्हणून समुद्रापासून छपरीपर्यंत माणसांची रांग लावली आणि भरतीच्या ताज्या पाण्याच्या बादल्या हातोहात वर आणल्या. मंगळवारी रांगेत पाहुणे आणि छपरीतल्या बायका होत्या. बुधवारी नवरा-नवरीही उभे राहिले. दुपारी रांगेच्या समुद्राकडच्या टोकाला इलाइतिया येऊन उभा राहिला. त्याने किती बादल्या भरल्या याबद्दल तो चारशे म्हणतो आणि उनाइसी चाळीस. खरा आकडा दरम्यान कुठेतरी असावा.

गुरुवारी मुनसामी आला. वय साठीच्या आसपास, चष्मा दोरीने बांधलेला, वीस वर्षे हाच धंदा. त्याच्या तपासणीची रीत साधी होती. तो स्वतः तीन दगड निवडे, घरून आणलेल्या तीन बादल्यांत, समुद्राच्या स्वच्छ पाण्यात बुडवे, झाकण लावून रात्रभर ठेवे आणि सकाळी झाकण उघडून नाक आत घाली. पाण्याला वास आला की खेप परत. त्याने मांडण्यांसमोर दोनदा फेऱ्या मारल्या, तीन दगड उचलले, झाकणे दाबून बसवली आणि मग यांगोनाला बसला. त्या तीन दगडांत नव्या एकसष्टांपैकी किती होते हे उनाइसीला ठाऊक होते. तिसऱ्या बादलीत एक. तिने ते कोणाला सांगितले नाही.

शुक्रवारी सकाळी सगळे गाव छपरीभोवती जमले. मुनसामीने पहिले झाकण उघडले, वाकला आणि मान हलवली. चांगले. दुसरे उघडले. चांगले. तिसरे उघडले, वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"बहिनी," तो म्हणाला, "वास येतोय."

 सेरुपेपेलीने डोक्याला हात लावला. इलाइतियाने कोठीकडे पाहिले नाही. उनाइसीला ते लक्षात आहे, कारण ती पाहत होती तो कुठे बघतो ते.

"बघू," ती म्हणाली आणि बादलीवर वाकली. एकदा हुंगले. मग दगड बाहेर काढून दगड हुंगला. मग रिकाम्या हाताने झाकण उचलून ते हुंगले, आणि बराच वेळ हुंगले.

"मोहरी," ती म्हणाली. "आणि मेथी. आणि आंबा."

"काय?"

"मुनसामी, या बादलीत तुझ्या बायकोनं लोणचं घातलं होतं."

मुनसामी ताठ उभा राहिला. "मागच्या वर्षी! आणि तीनदा धुतलीये मी ती. साबणानं धुतलीये."

"धुतली असशील. प्लास्टिक लोणचं विसरत नाही. मेलेल्या स्पंजचा वास अंड्यासारखा येतो, तो असा भूक लावत नाही."

मुनसामीने झाकण स्वतःच्या नाकाशी धरले. डोळे मिटले. त्याच्या चेहऱ्यावर हळूहळू घरचे काहीतरी आठवल्यासारखे भाव आले. पण तो काटेकोर माणूस होता आणि केवळ लोणच्याच्या साक्षीवर खेप पास करायला तयार नव्हता. त्याने पाद्रीबाबांच्या घरून चिनी मातीचे भांडे मागवले, तोच दगड ताज्या पाण्यात बुडवला, वरून ताटली झाकली आणि शेजारी स्टूल घेऊन बसला. किती वेळ? त्याच्या टिपणवहीत "दुपारी दोनपर्यंत" आहे, उनाइसी चारपर्यंत म्हणते. वहीवर त्या दिवशीची तारीख असल्याने वहीलाच अधिक वजन द्यावे लागते. मात्र गावाला चारच वाजल्यासारखे वाटले असणार, हे मान्य.

ताटली उचलली. मुनसामी वाकला. दुसऱ्यांदा वाकला. मग त्याने चष्मा पुसला आणि म्हणाला, "समुद्र. नुसता समुद्र. भरा खोकी."

दगड ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत गेले. पाहुण्यांनीच गुंडाळले, किडकिडीत पोराने शेवटचा दगड बंद करण्यापूर्वी हुंगला, तेव्हा उनाइसीने त्याच्या पाठीवर थाप मारली. ट्रक निघाल्यावर तिने केसांतून प्लग काढून सेरुपेपेलीच्या हातावर ठेवला.

"घे. कोमेजला."

"पुढच्या वर्षी आमच्या गावी लग्न आहे," तो म्हणाला. "तू ये. काय उचलायचं ते उचल."

"येते. ब्रश तेवढे लपवून ठेव."

इलाइतियाने त्या संध्याकाळी गावसभेच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहिले: "पहारी कोठीत राहतील." खाली दुसऱ्या शाईत एक ओळ आहे: "भिंतीच्या अंड्यांबद्दल शब्द मागे घेतो." ही ओळ त्याच दिवशीची आहे की उनाइसीने नंतर लिहवून घेतलेली, हे हस्ताक्षरावरून ठरवता येत नाही. पहारींबद्दलचा निर्णय मात्र पुढच्या पाच वर्षांच्या नोंदींत एकदाही बदललेला दिसत नाही.

एक गोष्ट जुळत नाही. मांडण्यांवरचे एकशे चव्वेचाळीस आणि नव्याने काढलेले एकसष्ट मिळून दोनशे पाच होतात. छपरीतल्या यादीतही दोनशे पाचच आहेत. मुनसामीने सही केलेल्या पावतीवर दोनशे बारा आहेत, आणि मुनसामी म्हणतो की आपण दोनदा मोजले. वरचे सात दगड पाण्यात ठेवलेल्या तेरांतून कोणी आणले, की यादीच चुकली, की पावती चुकली, हे कळायला मार्ग नाही; त्या तेरांची मोजणी नंतर कोणी केली नाही. उनाइसी म्हणते, तिने फक्त दोनशे पाच हुंगले. ते सात दगड कोणी आणले, कोणी निवडले आणि ते कसे होते, हे आजही अज्ञात आहे.